डाळिंबी रंगाची डबी

"मधमाशीचं मेण मिळेल का थोडं?"

मी विचारलं, तेव्हा काउंटरमागचा माणूस एका बाटलीवर चिठ्ठी चिकटवत होता. त्याने मान वर केली आणि मी कशासाठी आले होते तेच विसरले. तसं कारण काही विशेष नाही... त्याचा चष्मा डावीकडे कलला होता.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांच्या कानांमागे काड्या वाकवून बसवायच्या. वाकडा चष्मा दिसला की माझे हात शिवशिवतात.

"द्या जरा इकडे."

"काय?"

"चष्मा."

आणि त्यानेही तो मुकाट्याने काढून दिला. मी काडी अंगठ्याने हलकेच दाबली, परत दिला. तो घालून त्याने माझ्याकडे पाहिलं – सरळ, सावकाश.

"अच्छा," तो म्हणाला. "म्हणजे अशा दिसता तर तुम्ही."

"मेण," मी म्हटलं. थंडी कडाक्याची होती, पण माझे कान तापले होते.

औषधाचं ते दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशीच. मालक गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी सुट्टीवर गेले होते आणि महिनाभर दुकान सांभाळायला त्यांचा भाचा आला होता. तोच हा. मेण कशाला हवंय, असं त्याने विचारलं आणि मी, जी कुणाला घरातलं काही सांगत नाही, ती सगळं सांगून बसले.

मला मावशीने वाढवलं. तीस वर्षं ती नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीवर बसायची. त्या एवढ्याशा चौकोनातून लोकांना तिचा चेहराच काय तो दिसायचा, म्हणून ती रोज डाळिंबी लिपस्टिक लावायची. एकच छटा, कधी बदलली नाही. आता तिचे मोठे उपचार चालू होते. ओठ पार सुकून फुटले होते, लिपस्टिक लावली की चरचरायचे. तिने ती लावणं सोडलं आणि मग आरशात बघणंही सोडलं. कंपनीने ती छटा केव्हाच बंद केलेली. शेवटच्या कांडीच्या तळाशी नखभर उरली होती. तिचंच मऊ, रंगीत मलम करायचं माझ्या मनात होतं.

"डॉक्टरांना विचारलंत?"

"विचारलं. वास नको, पुदिना नको, बाकी हरकत नाही म्हणाले."

त्याने मेणाचे पिवळे दाणे तोलून पुडीत बांधले. "भांडं थेट आचेवर ठेवू नका. खाली गरम पाणी, वर वाटी. आणि एकदम सगळी लिपस्टिक—"

"स्वयंपाक येतो मला," मी म्हटलं आणि तोऱ्यात निघाले.

घरी त्या नखभरातली अर्धी लिपस्टिक कोरून काढली, मेणाच्या दाण्यांसकट पळीत घातली आणि पळी थेट गॅसवर धरली. घाई, दुसरं काय. मिनिटभरात जळका वास घरभर पसरला. पळीत उरला तो तपकिरी चिकटा.

मावशी पांघरुणातून म्हणाली, "काय जाळलंस?"

मला खरं सांगावं लागलं. मला वाटलं, ती रागावेल. ती नुसती हसली, आणि हसताना ओठ दुखला म्हणून थांबली. "अर्धी उरलीय ना? मग ज्याने मेण दिलं त्यालाच विचार. शहाण्याने शहाणपण विकत घ्यावं, नाहीतर फुकट मागावं."

दुसऱ्या दिवशी मी काउंटरसमोर उभी राहिले, तेव्हा त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "थेट गॅसवर?"

"थेट गॅसवर."

तो हसला नाही. त्याबद्दल मी त्याचं बरोबर ठरणं तिथेच अर्धं माफ केलं. म्हणाला, "दुपारी दोन ते चार दुकान बंद असतं. कांडी घेऊन या."

दुकानामागची खोली म्हणजे एक ओटा, एक काटा आणि जाळीच्या खिडकीतून येणारं पांढरं ऊन. त्याने हात धुतले, मला धुवायला लावले. कांडीतल्या उरलेल्या रंगावरचा पापुद्रा खरवडून टाकला, मग बारीक सुरीने खालचा रंग काढला. तीळभरही सांडू दिला नाही. काचेच्या भांड्यात मेण, त्याच्या तिप्पट बिनवासाचं खोबरेल तेल, थोडं व्हॅसलीन... भांडं गरम पाण्यात ठेवलं आणि दोघं वाकून बघत बसलो. दाणे कडेने पारदर्शक होत गेले. मग त्याने रंग सोडला. काळपट लाल गोळी तळाशी गेली, क्षणभर तशीच राहिली, आणि हळूहळू तिच्यातून डाळिंबी धागे सुटायला लागले.

"ढवळा," तो पुटपुटला. "हळू. चष्म्याची काडी वाकवता तेवढ्याच हाताने."

मी ढवळत होते. त्याचा खांदा माझ्या खांद्यापासून बोटभर दूर होता आणि त्या बोटभर जागेत मला सगळी खोली मावलेली वाटत होती.

त्याने थंड चमच्यावर थेंब टाकून पाहिला. "घट्ट होतंय. फुटलेल्या ओठांवर ओढावं लागेल." आणखी थोडं तेल. पुन्हा थेंब. मग तो त्याने स्वतःच्या मनगटावर फासला. गव्हाळ कातडीवर फिकट डाळिंबी रेघ उमटली.

"शोभतोय तुम्हाला," मी म्हटलं.

"गिऱ्हाइकांना काय सांगू?"

"सांगा, औषध आहे."

"कशावरचं?"

मी चमचा पुसायला घेतला. उत्तर सुचलं होतं मला.

चपट्या डबीत मलम ओतल्यावर तो म्हणाला, "आता वीस मिनिटं हिला हात लावायचा नाही. हलवली की मधे खड्डा पडतो."

मग आम्ही दोन स्टुलांवर बसून राहिलो. त्याने सांगितलं की शनिवारी मामा परत येतायत, आणि सोमवारपासून त्याला दुसऱ्या गावी, बसने सहा तासांवर, इस्पितळात नोकरी लागलीय. मी "छान" म्हटलं. डबीवर साय धरत होती. कडेने आधी, मग आत. 

"एवढंच? छान?" त्याने विचारलं.

"मग काय म्हणू?"

"माहीत नाही. मला वाटलं, तुम्ही काहीतरी दुरुस्त कराल."

मी डबी उचलली आणि निघून आले. वीस मिनिटं व्हायची होती अजून. मधे छोटासा खड्डा पडलाच.

मावशीने मलमावरून बोट फिरवलं, ओठांवर टेकवलं.  तिने ओठ एकमेकांवर हलकेच घासून पाहिले. "चरचरत नाही गं," ती म्हणाली. आणि मग, अगदी सहज, "आरसा दे."

दोन महिन्यांनी तिने आरसा मागितला होता. तिने मान इकडून तिकडे वळवून पाहिली, जशी तिकीटखिडकी उघडण्याआधी पाहायची. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून आले.

परत आले तर ती माझ्याकडेच बघत होती. "हे एकटीचं काम नाही तुझं. कोण आहे तो?"

"मेडिकलमधला. सोमवारपासून दुसऱ्या गावी असणार आहे."

"मग आज काय वार आहे?"

"शुक्रवार."

"मग इथे काय करतेस?"

मी स्वेटर चढवत निघाले. संध्याकाळचं धुकं गल्लीत उतरलं होतं, दिव्यांभोवती पिवळी वलयं धरली होती. तो शटर ओढतच होता. मला बघून अर्ध्यावर थांबला.

"खड्डा पडला?" त्याने विचारलं.

"पडला. पण मावशीने आरसा मागितला."

त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि तिला तर त्याने कधी पाहिलंही नव्हतं.

मी वाटेत बरंच काही जुळवून आणलं होतं. नोकरी चांगली आहे, जायलाच हवं, मावशीला एकदा भेटून जा, आभार... त्यातलं एकही वाक्य तोंडाशी आलं नाही.

"सहा तास म्हणजे फार नाहीत," मी म्हटलं. "रविवारी येशील?"

'येशील' कसं निघालं, मला कळलंच नाही. तोंडातून गेलं ते गेलं. मी ओठ चावून उभी राहिले.

त्याने शटरवरचा हात काढला. दोन पावलं पुढे आला, इतका जवळ की त्याच्या श्वासाची वाफ माझ्या वाफेत मिसळली.

"पुन्हा म्हण," तो म्हणाला.

"येशील?"

"दर रविवारी," तो म्हणाला. "आणि उद्या सकाळी मावशीला भेटायला. आणि आत्ता घरापर्यंत सोडायला... तू म्हणशील तर."

मी मान हलवली. घर दोन मिनिटांवर होतं. आम्ही लांबच्या रस्त्याने गेलो.