धुतलेला लेथ

हे जयशीलाच्या घरी घडलंय. जयशीला आमच्याच गल्लीत राहते, माझ्यापासून तिसरं दार. तेव्हा हे कुणाच्या मावशीच्या जावेला झालं होतं म्हणे, असलं काही नाही. त्या दिवशी मी स्वतः तिच्या घरी पानावर बसले होते. आवाज मी या कानांनी ऐकलाय.

गाव चन्नपट्टण, कर्नाटकातलं, लाकडी खेळण्यांचं. दिवस आयुधपूजेचा, म्हणजे दसऱ्याआधीच्या हत्यारपूजेचा. वेळ भर दुपारची.

हो, दुपारची. भुतं रात्रीच निघतात असं ज्यानं ठरवलं, त्यानं आमच्या गावची दुपार बघितलेली नाही.

पण आधी तो लेथ घरात कसा आला ते सांगते.

जयशीलाचं अर्धं आयुष्य खेळण्यांच्या कारखान्यात लेथवर गेलं. लाकूड फिरवायचं, पटाशीनं आकार द्यायचा, मग फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबायची. घासून गरम झालं की रंग आपोआप चढतो. तिचा हात त्यात बसलेला. पुढं सासू, होन्नम्मा, न्हाणीत पडली. खुब्याचं हाड मोडलं. जयशीलाला घरी राहणं भाग पडलं आणि घरीच लेथ घ्यायचं ठरलं.

मद्दूरच्या अलीकडे एका गावात एक विकायला आहे असं कळलं. नवरा केंपराजू सरकारी बसवर कंडक्टर. त्याला सुट्टी कुठली? मग ती नणंदेला घेऊन गेली.

नणंद म्हणजे भाग्या. नवरा वारल्यापासून भावाकडेच राहते. अबोल, डावखुरी, आणि मशीन म्हटलं की चार हात लांब.

विकणाऱ्याचं नाव चिक्कण्णा. सडपातळ माणूस, बोलणं मऊ. मधल्या बोटात तांब्याची जाड अंगठी.

जयशीलानं तो लेथ सासूनं सून बघावी तसा बघितला. वीज न लावता हातानं फिरवला, डोळे मिटून. कुठं खरखर नाही. लाकूड पकडायची दोन्ही टोकं समोरासमोर आणली. तसूभर फरक नाही. पटाशी टेकवायचा टेकू धरून हलवला. घट्ट.

मोटरच्या पट्ट्यावर जाळीही बसवलेली होती. आणि गुडघ्यापाशी एक जादा बटण. हात अडकले तर गुडघ्यानं लेथ बंद करता यावा म्हणून.

"हे कुणी करून घेतलं?" तिनं विचारलं.

"बायकोनं. लेथ तिचाच."

"जपून काम करणारी दिसते."

चिक्कण्णानं बोटातली अंगठी फिरवली.

"कुठं आहे ती?"

"माहेरी."

सगळं चांगलं होतं. एकच गोष्ट तिला खटकली…

त्या लेथवर रंगाचा एक ठिपकासुद्धा नव्हता.

आमच्याकडे लेथ कुणी धूत नाही. वर्षानुवर्षं लाख उडते, थरावर थर चढतो. आयुधपूजेलासुद्धा आम्ही धूळ पुसतो, हळदकुंकू लावतो, पण लाख खरवडत नाही. ती घरची लक्ष्मी. आणि हा लेथ खरवडून, घासून, रॉकेलनं धुतलेला.

"धुतला का हो?"

"विकायचा म्हणून. घाण होती त्याच्यावर."

घाण! आमच्या गावात लाखेला कुणी घाण म्हणत नाही. जयशीलाच्या मनात पाल चुकचुकली. पण लेथ फार चांगला होता, आणि पाल काय, रोजच चुकचुकते. तिनं घेतला.

टेम्पोतून उतरवताना होन्नम्मानं खाटेवरूनच बघितलं.

"धुतलाय हा."

"हो, अम्मा."

"का धुतला विचारलंस?"

"विचारलं."

"मग त्यानं खरं सांगितलं का?"

जयशीला टेम्पोवाल्याला पैसे द्यायला वळली.

लेथ मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवला. जयशीलाची शिस्त कडक. बांगड्या काढायच्या, पदर आत खोचून वर नवऱ्याचा जुना शर्ट, बाह्यांची बटणं लावलेली, डोळ्यांवर चष्मा. आणि केसांचा बुचडा असा घट्ट की कपाळ ताणलं जावं. ती नेहमी म्हणायची, फिरत्या लाकडाला आपलं-परकं कळत नाही. उठताना लेथचा पट्टा काढून घरात न्यायची. पट्टा नसला की लेथ म्हणजे नुसतं लोखंड. कुणी कितीही बटणं दाबली तरी लाकूड फिरणार नाही.

पहिले काही दिवस बरे गेले.

मग एका दुपारी ती बाजारातून आली. शेडमध्ये डोकावली. सहज लेथवर हात ठेवला…

लेथ गरम होता.

पट्टा तर घरात खुंटीवर. तिनं स्वतःला समजावलं, पत्रा तापलाय, उन्हानं झालं असेल.

दुसऱ्या दिवशी खाली भुसा पडलेला. ती रोज झाडून काढायची.

तिसऱ्या वेळी मात्र ती जागच्या जागी थांबली.

टेकूवर लाख लागली होती. ताजी. बोट लावलं तर अजून मऊ…

हिरवी.

जयशीलाकडे लाल आणि पिवळी लाख होती. कुंकवाच्या करंड्यांचं काम होतं तिच्याकडे. हिरवी तिनं आणलीच नव्हती.

आणि ती लाख टेकूच्या उजव्या टोकाला होती. आपण डावा हात टेकूवर ठेवतो आणि उजव्यानं पटाशी धरतो. इथं कुणीतरी उजवा हात टेकवला होता. म्हणजे हत्यार डाव्या हातात.

घरात डावखुरं कोण? एकटी भाग्या.

झालं. संशय एकदा घरात शिरला की तो पाट मांडून बसतो. आता जयशीलाला सगळंच दिसायला लागलं. भाग्या दुपारी कुठं असते? पाणी आणायला एवढा वेळ का? मशीनला घाबरते म्हणे. घाबरणारी बाई चोरून लेथ चालवते? मग बनवते काय, आणि विकते कुणाला?

तिनं शेडला कुलूप घातलं. पट्टा तांदळाच्या डब्यात लपवला. बाजाराला जाते म्हणून निघाली आणि कोपऱ्यावरूनच परतली. मागच्या अंगणात आली तर…

आत लेथ फिरत होता. घुं… घुं… घुं…

आणि शेडजवळ भाग्या उभी. पत्र्याच्या फटीला डोळा लावून.

जयशीलाला बघून ती दचकली. आवाज बंद झाला.

"तू बाहेर?" भाग्या म्हणाली. "मग आत कोण आहे?"

"हे नाटक माझ्यापुढं नको. दुसरी किल्ली कुठं आहे?"

"वहिनी, माझ्याकडे कसली किल्ली? मला वाटलं तूच आहेस. रोज दुपारी दिसतेस. पाठमोरी. आज बोलायचंच ठरवलं होतं, की वहिनी, अगं केस तरी बांधून बस."

"काय?"

"केस मोकळे सोडून बसतेस ना."

जयशीलाच्या अंगावर काटा आला. पण राग त्याहून मोठा होता. लेथवर केस मोकळे? तिच्यावर? ही बाई खोटं बोलते आणि वर आपल्यालाच निष्काळजी ठरवते.

"भावाच्या घरी खायचं आणि भावजयीच्या हत्यारावर डल्ला मारायचा. बरं जमतं तुला," ती म्हणाली.

वाईट बोलली. मी तिची मैत्रीण आहे, तरी सांगते, फार वाईट बोलली.

भाग्या सरळ घरात निघून गेली. संध्याकाळी भावाला एवढंच म्हणाली, "दसरा झाला की मी कनकपुऱ्याला चुलतीकडे जाते." केंपराजू बायकोकडे बघत राहिला, बहिणीकडे बघत राहिला, आणि शेवटी चपला घालून बाहेर गेला. पुरुषांना हे बरं जमतं.

मग आयुधपूजा आली.

सकाळी लेथला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू लावलं, दारात कोहळा फोडला. त्या दिवशी हत्यार चालवत नाहीत. पट्टा काढून देवापुढं ठेवला, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. दुपारी मी जेवायला गेले. खाटेवर होन्नम्मा, पाटावर केंपराजू, जयशीला आणि मी. भाग्या ओबट्टू, म्हणजे पुरणपोळी, वाढत होती. तिची पिशवी भरून दाराशी ठेवलेली. 

भाग्यानं माझ्या पानात तूप सोडलं. आणि…

घुं… घुं… घुं…

मी देवाकडे बघितलं. पट्टा तिथंच होता.

जयशीलानं भाग्याकडे बघितलं. भाग्याच्या हातातली तुपाची वाटी कलंडली होती, तूप पायावर सांडत होतं, आणि तिला त्याची शुद्ध नव्हती.

जयशीलाचं तोंड उतरलं. ती उठली. मागोमाग भाग्याही गेली. मला मात्र पाटावरून उठवेना. त्यांनी जे बघितलं ते त्या दोघींनी मला वेगवेगळं सांगितलं, आणि दोन्हींत एका शब्दाचा फरक नाही.

शेडला कुलूप होतं. फटीतून आतलं दिसत होतं. लेथ फिरत होता. पट्टा नव्हता, तरी फिरत होता.

समोर एक बाई बसली होती. पाठमोरी. अंगात पुरुषी शर्ट, बाह्यांची बटणं लावलेली. पटाशी डाव्या हातात.

आणि केस…

केस मोकळे नव्हते. घट्ट बुचडा बांधलेला होता. त्यात हिरव्या लाखेची कांडी खोचलेली.

"बांधलेत," भाग्या पुटपुटली. "आज बांधलेत."

तेवढ्यात बाईच्या मागून एक हात आला…

सडपातळ हात. मधल्या बोटात तांब्याची जाड अंगठी.

त्या हातानं अलगद कांडी उपसली. बुचडा सुटला. केस पुढं, फिरत्या लाकडावर पडले.

मग बाईचं डोकं खाली जायला लागलं. हळूहळू नाही. एकदम.

पुढचं त्यांनी मला सांगितलेलं नाही. मी विचारलंही नाही.

केंपराजूनं कुलूप उघडलं तेव्हा आत कुणी नव्हतं. लेथ थांबलेला. सकाळचा झेंडूचा हार टोकाभोवती इतका करकचून गुंडाळला होता की सुरीनं कापावा लागला. आत लांब काळे केस सापडले. जयशीलाचे कुरळे, भाग्याचे पिकलेले. ते दोघींचेही नव्हते.

भाग्या खाली बसली. "मला फटीपाशी यायला उशीर व्हायचा, वहिनी. मी यायचे तेव्हा केस सुटलेले असायचे."

जयशीलानं तिची पिशवी उचलली, आत नेली, एकेक लुगडं स्वतःच्या हातानं फळीवर लावलं. मग तिच्यापुढं येऊन म्हणाली, "भाग्या, मी चुकले. तू कुठं जायचं नाही." दोघी रडल्या. मी पण रडले. तूप थिजलेलं पान तसंच राहिलं.

दसऱ्यानंतर त्या दोघी चिक्कण्णाच्या गावाला गेल्या. नळावर एक म्हातारी भेटली.

"चिक्कण्णाची बायको? गेली की. केस अडकले मशीनमध्ये. डावखुरी होती बिचारी, हात मात्र सोन्याचा. पण निष्काळजी, दुसरं काय."

निष्काळजी! पट्ट्यावर जाळी बसवणारी? गुडघ्यापाशी बटण लावून घेणारी? त्या बाईचा बुचडा आपला आपण कधी सुटलाच नसता.

चिक्कण्णा घरीच होता. बसा म्हणाला, कॉफी सांगितली. जयशीलानं टेकूच्या स्क्रूचं निमित्त काढलं. बोलताना तिची नजर त्या अंगठीवरून हलेना.

आणि आतून आवाज आला…

घुं… घुं… घुं…

"नवा लेथ घेतला," तो मऊ आवाजात म्हणाला. "आणि लग्नही केलं. घरात बाई लागते."

आतल्या खोलीत एक कोवळी पोरगी लेथवर बसली होती. पाठमोरी. जयशीला उंबऱ्यातच थबकली.

पोरीचा बुचडा घट्ट बांधलेला होता. त्यात हिरव्या लाखेची कांडी.

"ही कांडी कुणी खोचली गं?" जयशीलानं विचारलं.

पोरीनं लेथ बंद केला आणि हसली. "हेच खोचत असतील, अक्का. रोज रात्री काढून ठेवते, तरी सकाळी डोक्यात असते. आमच्या घरात हिरवी लाख नाहीच, मग आणतात कुठून कोण जाणे."

मागं चिक्कण्णाच्या हातातला पेला खाली पडला.

जयशीलानं मागं न बघता पोरीला सांगितलं, "लेथ वळवून मांड. दाराकडे पाठ करून बसू नकोस. आणि ती कांडी कुणाला काढू देऊ नकोस. नवऱ्यालासुद्धा."

पोलिसांत जायचं तर केंपराजू म्हणतो, काय सांगणार? भर दुपारी पत्र्याच्या फटीतून बघितलं म्हणून? त्याचंही खरं आहे. पोरीच्या माहेरी निरोप धाडला. ते म्हणाले, लोक चांगल्या संसाराला दृष्ट लावतात.

त्या दिवसापासून जयशीलाचा लेथ गप्प आहे. टेकूवर आता लाल आणि पिवळाच थर. गल्ली म्हणते, चला, सुटलात. मला तसं वाटत नाही. ती पहिली बायको इथून गेली ती कुठं गेली हे मला ठाऊक आहे, आणि तिच्याजवळ काय आहे तेही. एक लाखेची कांडी. जरा ऊब लागली की मऊ पडणारी.

भाग्या आता दर आठवड्याला बसनं त्या गावी जाते. कधी फुलं विकायला, कधी कोथिंबीर. मशीनला घाबरणारी बाई चिक्कण्णाच्या खिडकीपाशी जाऊन उभी राहते, आत बघते आणि परत येते.

परवा आली तेव्हा आम्ही दोघी ओट्यावरच बसलो होतो. जयशीलानं नुसतं तिच्याकडे बघितलं.

"कांडी आहे," भाग्या म्हणाली. पाणी प्यायली. मग पेला खाली ठेवून म्हणाली, "पण वाकलीय थोडी."