पाय उचलायचा नाही

उन्मेषने भार्गवीला पहिल्यांदा ठोकलं ते मागून, आणि चांगलं जोरात.

गौरी-गणपती नुकतेच होऊन गेले होते. गणपतीपुळ्याच्या रस्त्याला, वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, राजाभाऊंचा गो-कार्टचा ट्रॅक पावसाळ्यानंतर पुन्हा सुरू झाला होता. कातळावर पिवळी-निळी रानफुलं पसरलेली, समुद्रावरून मधूनच एखादी चुकार सर येऊन जाणारी, आणि त्या सगळ्यात भाड्याने मिळणाऱ्या बुटक्या गाड्या जमिनीला बूड टेकवल्यासारख्या भर्रकन पळत होत्या. भार्गवी वळणात शिरली, मागून धक्का बसला, गाडी गर्रकन फिरली आणि रचून ठेवलेल्या टायरांत जाऊन रुतली.

ठोकणारा माणूस लगेच उतरून तिच्याकडे धावला. ट्रॅकवर गाडीतून उतरायचं नसतं, हा इथला पहिला नियम. राजाभाऊंनी भोंग्यावरून शांतपणे सांगितलं, "सात नंबर, जागेवर बसा. माफी नंतर मागा."

आणि तेवढ्यात सर आली. ट्रॅक ओला झाला की गाड्या थांबवतात, तशा थांबवल्या. सगळे पत्र्याच्या शेडमध्ये जमले. भार्गवीने हेल्मेट काढलं, केस झटकले आणि समोर ओशाळून उभ्या असलेल्या उंच, सावळ्या तरुणाकडे पाहिलं.

"ब्रेक डावीकडे असतो," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मग अजून ओळख झाली नव्हती वाटतं त्याची."

तो हसला. हसताना त्याने मान खाली घातली, हे भार्गवीच्या लक्षात आलं. लक्षात यायचं काही कारण नव्हतं, पण आलं.

सर थांबेपर्यंत बोलणं झालं. तो दापोलीला शेतीचं शिकलेला. शहराबाहेरच्या एका रोपवाटिकेत आंब्याची कलमं बांधायचं काम बघायला अलीकडेच आला होता. कलम धरलं की नाही हे कळायला दिवसचे दिवस थांबावं लागतं, त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी ताबडतोब काहीतरी घडावं म्हणून इथे आलो, असं त्याचं म्हणणं. भार्गवी म्हणाली, घडलं की.

ती स्वतः रत्नागिरीत ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. सोमवार ते शनिवार नवशिक्यांच्या डाव्या बाजूला बसायचं. शिकवायच्या गाडीत तिच्याही पायाशी एक ब्रेक. निवृत्त हेडमास्तर, नव्या सुना, मुंबईहून सुट्टीला आलेले आणि सगळं येतंय असं समजणारे चाकरमानी… सगळ्यांना "हळू, हळू" म्हणून तिचा घसा बसायचा. नवशिक्याने क्लचवरचा पाय किती सोडला, ॲक्सिलरेटरवरचा किती दाबला, हे तिला खाली न बघता, नुसत्या आवाजावरून कळायचं. म्हणून तर रविवारी सकाळी ती सड्यावर यायची. तिथे "हळू" म्हणणारं कुणी नव्हतं.

पुढच्या रविवारी उन्मेष पुन्हा आला. मग येतच राहिला.

राजाभाऊंनी हा ट्रॅक काढला तेव्हा गावाने त्यांना वेड्यात काढलं होतं. ते म्हणायचे, या कातळात आंबा काही होत नाही, निदान चाकं तरी फिरू देत. ट्रॅकवरच्या सरळ भागाला त्यांनी खाडीवरच्या लांब पुलाचं नाव दिलं होतं, भाट्याचा पूल, आणि सगळ्यात अवघड, उलटं फिरणाऱ्या वळणाला आंबा घाट. आंबा घाटात कसं वळायचं हे उन्मेषला भार्गवीनेच शिकवलं. ब्रेक वळणाच्या आधी मारायचा, वळणात नाही, आणि नजर जिथे जायचंय तिथे ठेवायची. नजर जिथे, गाडी तिथे. उन्मेषने विचारलं की म्हणूनच पहिल्या दिवशी त्याची गाडी तिच्याकडे गेली असेल का. भार्गवीला हेल्मेटचा पट्टा लावायला त्या दिवशी जरा वेळ लागला.

हेल्मेटमधून नुसते डोळे दिसतात. त्यामुळे डोळ्यांवर कामाचा फार बोजा पडतो. सुरुवातीच्या रेषेवर गाड्या शेजारी शेजारी उभ्या असल्या की उन्मेष मान वळवून बघायचा आणि भार्गवी समोर बघत असल्याचं दाखवायची. शेडमध्ये सर ओसरायची वाट बघताना मात्र दोघं एकाच बाकावर बसत. त्या दिवसांत सरी थांबल्या की भार्गवीला उगीचच चुटपुट लागायची. आणि "तुम्ही"चं "तू" कधी झालं? एका रविवारी भाट्याच्या पुलावर तो पहिल्यांदाच तिला मागे टाकून गेला आणि ती हेल्मेटमध्येच ओरडली, "अरे ए—" त्या "अरे"नंतर परत "अहो" काही झालं नाही.

दसरा झाल्यावर राजाभाऊंनी जाहीर केलं: रत्नागिरीतल्या हौशी मंडळींची शर्यत घ्यायची, आणि जो पहिला येईल त्याला दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरच्या हौशी स्पर्धेला पाठवायचं, या ट्रॅकतर्फे. भार्गवीने त्याच क्षणी नाव दिलं. तिने आयुष्यात आजवर जिंकलेलं एकच बक्षीस होतं, रांगोळी स्पर्धेत, आणि तेही उत्तेजनार्थ. तिला एकदा, फक्त एकदा, पहिलं यायचं होतं… निखळ, स्वतःच्या बळावर. हे तिने उन्मेषशिवाय कुणालाही सांगितलं नव्हतं. चूक झाली ती तिथेच.

शर्यतीत शेवटच्या फेरीपर्यंत भार्गवी पुढे होती आणि उन्मेष तिच्या मागे चिकटून. आंबा घाटाच्या तोंडाशी त्याने गाडी आतल्या अंगाला घातली. आता तो जाणार, हे तिला कळलं. तिने दात आवळले. आणि मग… मागच्या इंजिनाचा आवाज पडला. अगदी क्षणभर. कुणाच्याही ध्यानात आलं नसतं.

भार्गवी पहिली आली. टाळ्या झाल्या. राजाभाऊंनी भोंग्यावरून तिचं नाव दोनदा घेतलं. उन्मेष हेल्मेट काढून हसत हसत जवळ आला आणि तिचा चेहरा बघून थबकला.

"पाय उचललास," ती म्हणाली.

"कुठला पाय?"

"उजवा."

त्याने आधी हसून बघितलं. मग हसू गेलं. "तुला पहिलं यायचं होतं ना… मला वाटलं, तू खूश होशील. आणि तू खूश असलीस की मग मी… मला तुझ्याशी थोडं बोलायचं होतं."

"सबंध आठवडा मी दुसऱ्यांसाठी ब्रेक दाबते, उन्मेष. एक रविवार माझा असतो. त्यात माझ्यासाठी कुणी वेग कमी केलेला मला नाही चालणार." तिचा आवाज कापला, त्याचा तिला आणखीनच राग आला. "आता मला कधीच कळणार नाही, मी खरंच पहिली आले असते की नाही."

ती तशीच तरातरा राजाभाऊंकडे गेली आणि म्हणाली, हा निकाल मला मान्य नाही.

राजाभाऊ पानाला चुना लावत होते, ते थांबले. "अगो, पहिली तू आलीस. तक्रार दुसऱ्याने करायची असते."

पण ती हटली नाही. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा लांब उभ्या असलेल्या उन्मेषकडे पाहिलं, आणि ठरवलं: पुढच्या रविवारी सकाळी, पर्यटक यायच्या आत, फक्त या दोघांची शर्यत.

मधला आठवडा नवशिक्यांना फार वाईट गेला. एका हेडमास्तरांनी तर, मी पुढच्या महिन्यात येतो, असं सांगितलं. आणि त्यांच्या रिकाम्या झालेल्या वेळेला गाडीच्या उजव्या सीटवर येऊन बसला उन्मेष.

भार्गवी थक्क झाली. मग कळलं, या माणसाकडे फक्त स्कूटरचं लायसन होतं. चारचाकीचं शिकाऊ लायसन त्याने कधीचं काढून ठेवलेलं, रोपवाटिकेचा टेम्पो चालवायला लागेल म्हणून. तेवढ्या आधारावर तो तिथे बसला होता.

"लायसन नाही आणि मला जिंकवायला निघालास," ती म्हणाली. "गाडी सुरू कर."

मारुती मंदिरच्या सर्कलपर्यंत ती त्याला फक्त गिअर सांगत होती. तिथून पुढे त्याने घसा साफ केला. "भार्गवी, मला तुला सांगायचं होतं की…"

गाडी कचकन थांबली. ब्रेक तिने दाबला होता. समोर गाय होती, असं ती म्हणाली. गाय होती खरी, पण बरीच लांब. थोडं पुढे गेल्यावर त्याने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा ब्रेक. स्पीडब्रेकर होता. तिसऱ्या वेळी मात्र रस्ता थेट थिबा पॅलेसपर्यंत मोकळा होता, तरी गाडी थांबलीच. मागचा रिक्षावाला भोंगा वाजवत, काहीतरी पुटपुटत बाजूने निघून गेला. उन्मेषने स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. त्याचे खांदे हलत होते. भार्गवीला वाटलं, रडतोय की काय… पण तो हसत होता. मग तिलाही आवरेना.

हसू ओसरल्यावर तो मान न वळवता बोलला. "मला एक सांग. रविवारी मी जिंकलो तर तुझं कोल्हापूर जाईल आणि तू माझं तोंड बघणार नाहीस. हरलो तर तुला वाटेल, मुद्दाम हरलो. मी करू काय?"

भार्गवीने ब्रेकवरचा पाय काढला.

"तू फक्त चालव," ती म्हणाली. "पाय उचललेला मला कळतो. न उचललेलाही कळेल."

रविवारी सकाळी सडा रात्रीच्या सरीने धुऊन निघाला होता. ऊन आलं तसा ट्रॅक वाफाळत सुकला. गाड्या सगळ्या सारख्या पळत नाहीत म्हणून राजाभाऊंनी चिठ्ठ्या टाकल्या. या वेळी रेषेवर उन्मेषने मान वळवून पाहिलं नाही. भार्गवीने पाहिलं. तो समोर बघत होता, अगदी घट्ट, आणि तिला बरं वाटलं.

झेंडा पडला. भार्गवी पुढे निघाली आणि पुढेच राहिली. फेरीमागून फेरी तिचे कान मागे होते. भाट्याच्या पुलावर त्याचं इंजिन तिच्या पाठीशी येऊन भणभणायचं, वळणाआधी तेवढंच खाली यायचं जेवढं यायला हवं, आणि पुन्हा चढायचं. कुठे दया नाही, कुठे मुरवत नाही. इतका प्रामाणिक आवाज तिने कधी ऐकला नव्हता. शेवटच्या फेरीला आंबा घाटात तो पुन्हा आतून शिरला. दोन गाड्या अगदी चाकाला चाक. त्याने तिला गाडीभर जागा सोडली, नियमाप्रमाणे, त्याहून बोटभरही जास्त नाही. भार्गवीने सगळं लावलं, होतं नव्हतं तेवढं. आवाज पडला नाही. रेषेवर तो एका चाकाने पुढे होता.

हरल्याचं तिला वाईट वाटलं. खूप वाटलं. डोळे भरून आले आणि हेल्मेटच्या आत डोळे पुसता येत नाहीत, म्हणून ती तशीच बसून राहिली. राजाभाऊंना काय जाहीर करावं कळेना, ते भोंगा या हातातून त्या हातात घेत होते. उन्मेषही उतरला नव्हता. स्टिअरिंग धरून, मान खाली घालून बसला होता, जिंकलेल्या माणसासारखा अजिबात नाही.

शेवटी तीच उठली. त्याच्या गाडीपाशी गेली, उकिडवी बसली आणि त्याच्या हेल्मेटची काच वर केली.

"त्या दिवशी काय बोलायचं होतं?"

"आत्ता?" त्याचा चेहरा पडलेला होता. "आत्ता कसं बोलू? तुझं कोल्हापूर…"

"कोल्हापूर तुझं आहे, हिसकावून घेतलंयस. पुढच्या वर्षी मी घेईन." तिने नाक ओढलं. "आत्ताच बोल. आत्ता तू जे म्हणशील ते मला खरं वाटेल."

उन्मेषने हेल्मेट काढलं. केस घामाने कपाळाला चिकटले होते, गालावर पट्ट्याचा वळ उमटला होता.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून नाही. पहिल्या दिवशी मी घाबरलो होतो. दुसऱ्या रविवारपासून."

भार्गवीला वाटलं, हा माणूस खोटं बोलू शकला असता की, पहिल्या नजरेत वगैरे. बोलला नाही.

"मला चौथ्या," ती म्हणाली.

त्याला कळायला क्षणभर लागला. मग त्याने बोटांवर मोजलं. "म्हणजे… तिसऱ्या रविवारी मी एकटाच होतो?"

"तिसऱ्या रविवारी दिवसभर पाऊस होता. ट्रॅक बंद होता." तिने हातमोजा काढला आणि हात पुढे केला. "चल, ऊठ."

तो तिच्या हाताला धरून उठला. उठल्यावरही दोघांपैकी कुणी हात सोडला नाही.