शुक्रवारची सावली

कॅसाब्लांकात लॅपटॉप बंद पडला की कंपनीवाले म्हणतात, नवा घ्या. दर्ब गलेफच्या बाजारातले म्हणतात, उघडून बघू. मिलूद तर उघडल्याशिवाय तोंडही उघडत नसे. त्याचा गाळा पत्र्याचा. दुपारी आत बसलं की माणूस भाजून निघायचा, पण मिलूदला त्याचं काही वाटत नसे. कार्डं तापतात, माणसंही तापतात, असं त्याचं म्हणणं.

त्या सोमवारी गिझलान आली. ती आर्किटेक्ट होती, आणि तिचा वर्कस्टेशन लॅपटॉप पाट्याएवढा जड.

"उस्ताद, पडद्यावर जांभळे पट्टे येतात आणि मग सगळं काळं. गुरुवारी समितीपुढे जायचंय. हा मेला तर मीही मेले."

मिलूदने तळाचं झाकण काढलं. ग्राफिक्स कार्डावरची, उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळून तिचा भुगा झाला होता. कार्ड संपलं होतं. पण या लॅपटॉपातलं कार्ड चार स्क्रू काढले की सुटतं, तेव्हा दुसरं बसवता येणार होतं. समोरच्या हम्मादीच्या भंगारातून त्याने एक उचललं, जुन्यापेक्षा दुप्पट दमाचं.

"कुठल्या मशिनीतलं रे?" त्याने विचारलं.

"का? सोयरीक जमवायचीय का त्याची?" हम्मादी म्हणाला. "कूळ कसलं विचारतोस, चालतंय का बघ."

बाजाराचा रिवाजच तसा होता. मिलूदने पुन्हा विचारलं नाही.

कार्ड बसवलं तर पंखा फिरला, पण पडदा काळाच. कार्डाच्या पोटातला प्रोग्राम दुसऱ्या कंपनीच्या लॅपटॉपचा निघाला. त्याने तो पुसून या लॅपटॉपचा भरला. मग चित्र आलं, पण थोड्या वेळात मशीन तापून बंद. मेमरीवरचे उष्णता ओढणारे पॅड पातळ पडत होते. त्याने जाड लावले. बुधवारी सकाळी लॅपटॉप माणसात आला.

आता चहाची परीक्षा. दर्ब गलेफमध्ये कार्ड असंच देत नाहीत. गिऱ्हाइकाची स्वतःची फाइल त्याच्यावर चालवायची आणि पुदिन्याची एक किटली संपेपर्यंत चालू ठेवायची. तेवढा वेळ टिकलं तर कार्ड पास.

गिझलानने फाइल उघडली. जुन्या मदिन्याच्या, म्हणजे तटबंदीतल्या जुन्या शहराच्या भिंतीबाहेर एका मोकळ्या जागेवर नवी इमारत व्हायची होती. तिने शेजारच्यांचं ऊन अडू नये म्हणून आख्खी गल्ली संगणकात उभी केली होती. तारीख आणि वेळ द्यायची, की त्या दिवशीचं ऊन पडे आणि घरांच्या सावल्या रस्त्यावर सरकू लागत.

गिझलानने पुढच्या महिन्यातली एक दुपार घातली. पहिला पेला झाला. दुसरा ओतताना गिझलान म्हणाली, "हे काय? या बिल्डिंगला सावलीच नाही."

मिलूदने पाहिलं. चार मजली जुनं घर, गच्चीवर कबुतरांची खुराडी. बाकी सगळ्या घरांच्या सावल्या होत्या. दिव्याच्या खांबाचीही होती. या घराच्या पायथ्याशी मात्र लख्ख ऊन.

"मेमरी असेल," तो म्हणाला.

म्हणाला खरा, पण त्याला ते पटलं नाही. मेमरी बिघडली की पडद्यावर चौकटी येतात, रंगांचा शिमगा होतो. ती एकच घर निवडून त्याची सावली स्वच्छ पुसत नाही. त्याने मेमरी तपासली. ठणठणीत. तेच घर उचलून फाइलमध्ये दुसरीकडे ठेवलं तर सावली पडली. परत जागेवर ठेवलं, गेली. कार्ड बाजूला ठेवून लॅपटॉपच्या मूळ साध्या चिपवर चालवलं, तेव्हा सगळं जागच्या जागी.

मग त्याने तारीख मागे नेली. काल सावली होती. आज होती, उद्या गुरुवारीही होती. शुक्रवारी दुपारपासून नव्हती. पुढचा महिना, पुढचं वर्ष, कुठेच ती परत आली नाही.

"मी हाताने रंगवून टाकते," गिझलान म्हणाली. "समितीला सावली दिसली म्हणजे झालं. किती शोधता उस्ताद, चहा निवला तुमचा."

मिलूदने पडद्यावरची गच्ची मोठी करून पाहिली. गच्चीवरची ती खुराडी त्याने लहानपणी स्वतः साफ केली होती. घर त्याच्या खालाचं, आईच्या बहिणीचं होतं. आई गेल्यावर खाला रकियानेच त्याला वाढवलं, आणि ती अजून तिथेच तिसऱ्या मजल्यावर राहत होती. मिलूदला भीती वाटली. सावली नाही म्हणजे घर नाही, एवढा हिशेब त्याला येत होता.

त्याच्या आग्रहावरून गिझलानने दुपारी त्या घराच्या भिंती ठोकून पाहिल्या, तळघरात टॉर्च मारला. "धडधाकट आहे," ती म्हणाली. "माझ्या नव्या इमारतीपेक्षा जास्त टिकेल." आणि आपला लॅपटॉप घेऊन गेली.

मिलूद जिना चढून वर गेला.

"खाला, दोन दिवस माझ्याकडे चल."

"का? बायको रुसून गेली का?"

"घर जुनं झालंय. मला बरं वाटत नाही."

"मग डॉक्टरकडे जा! मला कशाला हलवतोस? मीही जुनीच आहे, मला पाडणार का?"

तरी ती आली. मिलूदच्या चेहऱ्याकडे पाहून आली. गुरुवारी दिवसभर तिने सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवली. मिलूदने ती हसत ऐकली, त्याला हायसं वाटत होतं.

शुक्रवारी तो सकाळीच गाळ्यावर गेला. दुपारच्या नमाजानंतर घरी आला तर बायको एकटीच.

"खाला कुठाय?"

"गेल्या की सकाळीच. शुक्रवारचा कुस्कुस त्यांच्याच भांड्यात शिजतो म्हणे, आमच्यात त्याचा लगदा होतो. मी काय धरून ठेवू त्यांना?"

मिलूद धावत सुटला.

गल्लीच्या तोंडाशी पोहोचला तेव्हा त्याची छाती फुटायला आली होती. घर उभं होतं. चारही मजले. गच्चीवर कबुतरं होती, तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत खालाची चादर वाळत होती. मिलूद गुडघ्यांवर हात ठेवून वाकला आणि एकटाच हसला. भंगारातल्या एका कार्डाने त्याला गाढव बनवलं होतं.

मानेला ऊन लागत होतं.

तो सरळ झाला. दुपारी या बाजूला ऊन कधीच नसे. म्हणून तर संत्र्यांची गाडी इथे लागायची. आजही ती नेहमीच्या जागी होती, पण संत्रीवाला डोक्यावर पुठ्ठा धरून उभा होता आणि आपण का भाजतोय ते न कळल्यासारखा इकडेतिकडे बघत होता.

मिलूदने वर पाहिलं. सूर्य घराच्या आड होता.

खाली ऊन होतं.

गाडीची सावली होती. खांबाची होती. संत्रीवाल्याची होती. घराच्या पायथ्यापासून समोरच्या भिंतीपर्यंत रस्ता कोरडा, पांढरा.

"मिलूद!" वरून हाक आली. "आलास? थांब, कुस्कुस खाली आणते."

"नको! खाला, तू नुसती खाली ये. लगेच ये!"

जिन्यावर तिच्या चपला वाजत आल्या. ती दारात आली, उंबरा ओलांडून रस्त्यावर आली. दोन्ही हातांत झाकलेला वाडगा. चेहरा नेहमीसारखाच, वाफेने लाल झालेला.

"पडलं का रे माझं घर?" ती म्हणाली. "वेडा कुठला. धर, निवतोय."

त्याने हात पुढे केले. वाडगा जड होता, आणि चांगलाच गरम.

त्याने खाली पाहिलं. रस्त्यावर त्याची एकट्याचीच सावली उभी होती, दोन्ही हात पुढे करून, रिकामे.