निळ्या पेनाचा गोल

बसा. मोबाईल खाली ठेवा आधी. रील बगत भुताची गोष्ट ऐकणार व्हय? मग ऐकूच नका.

हे आमच्या भावकीतल्या मष्णूच्या बाबतीत घडलंय. उद्यमबागेत फौंड्रीत कामाला हाय, खोटं रचायची अक्कल न्हाय त्याच्याकडं. त्याची लेक तेजस्वी, चौदा वर्षांची. पोरीच्या काळजाची झडप खराब, म्हणून दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायला लागायचं. शहापुरातल्या एका डॉक्टरकडं जायची दोघं. त्याचं नाव घेत न्हाय, तोंड विटाळतंय.

दवाखाना चालायचा गुणाआक्कावर. सव्वीस वर्षं सिस्टर. बीपी ती बगणार, जखमा ती धुणार, कुणाची साखर किती ते तिला तोंडपाठ. ह्या शहाण्यानं नुसती सही मारायची. पेनिसिलिन असलं की आक्काचा नेम ठरलेला. आधी हातावर थेंबभर औषध टोचायचं, निळ्या पेनानं भोवती गोल काढायचा, शेजारी टाइम लिहायचा. "बस बाळ, वीस मिनिटं." गोलात लाल फुगलं तर इंजेक्शन न्हाय. डॉक्टर करवादायचा, "दर खेपेला काय टेस्ट? बाहेर रांग बगा." ती म्हणायची, "सर, मागल्या खेपेला चाललं म्हणून आज चालंल असं न्हाय." आणि पोरीला वीस मिनिटं बसवायचीच.

नोव्हेंबरात आक्का गेली. खानापूरकडं तिच्या गावात, झोपेतच. ह्यानं दवाखान्याचं शटर अर्धा दिवस पण ओढलं न्हाय. पेशंट आक्कासाठी येत्यात हे त्याला पक्कं ठाऊक. मेडिकल दुकानातनं महादेव नावाचा एक उचलून आणला आणि सांगितलं, कुणी इचारलं तर सिस्टर रजेवर हायत म्हण. मेलेल्या बाईला रजेवर पाठवणारा माणूस. ह्याला डॉक्टर म्हणायचं आपण.

दोन हजार चोवीस, डिसेंबरची अकरा तारीख, बुधवार. मष्णू कामावरनं आला, लेकीला गाडीवर बसवलं, रात्री नऊला दवाखान्यात. शेवटचे पेशंट हेच. डॉक्टर वर माडीवर जेवत हुता.

"सिस्टर न्हाईत?" मष्णूनं इचारलं.

"रजेवर."

"मग ती टेस्ट?"

"दर खेपेला घेतीया की पोर. कशाला टेस्ट?" म्हणत महादेवनं सुई भरली. हातात सुई आली की झाला सिस्टर! पोरीला पडद्याआड टेबलावर बसवलं.

लाइट गेली.

मागच्या गल्लीत विणकरांचे माग चालू हुते, ते पण थांबले. महादेव सुई ट्रेमध्ये ठेवून, बॅटरी घेऊन मागं इन्व्हर्टर बगायला गेला. मष्णू बाहेर बाकड्यावर. आत लेक. अंधार.

मग पडद्याआडनं स्पिरिटचा वास आला... आणि लेकीचा आवाज.

"व्हय आक्का. वीस मिनिटं."

मष्णूला बरं वाटलं. आक्का आली वाटतं मागच्या दारानं. बिचाऱ्याला काय ठाऊक.

लाइट आली. घड्याळात नऊ-पंधरा. महादेव मागनं आला, सुई उचलली, पडदा सारला.

उभाच राहिला.

पोरीचा डावा हात पुढं. हातावर निळा गोल. शेजारी ९-१२.

"कुणी काढलं?"

"आक्कांनी. आत्ता मागं गेल्या. भेटल्या न्हाईत तुमाला?"

मागं तर तोच हुता...

गोलात लाली धरली. फुगली. वाढत वाढत रेघेबाहेर गेली. थेंबभर औषधानं. भरलेली सुई महादेवच्या हातात. ती गेली असती आत, तर लेक तिथंच गेली असती. मष्णू लेकीचा हात धरून बसला. महादेवच्या हातातनं सुई पडली. पहिल्यांदा खरं बोलला तो.

"आक्का वारल्या, अण्णा. पंधरा दिवस झाले."

डॉक्टर उष्ट्या हातानं खाली आला. बगितलं. तोंड पांढरं. आणि बोलला काय? "पोरीनंच काढलंय पेनानं. नाटकं." स्पिरिटचा बोळा घेतला आणि गोल घासून घासून पुसला. लेकराचा हात सोलवटला, पण शाईचा ठिपका ठेवला न्हाय. मग ॲलर्जीचं औषध देऊन वर म्हणतो, बाहेर बोलू नका. असली लाज.

पोर वाचली. आता दुसऱ्या डॉक्टरच्या गोळ्या घेतीया, शाळेत जातीया.

पाच महिन्यांनी, मे महिन्यात, मी मुद्दाम गेलतो तिथं. बीपीचं निमित्त. उकाड्यानं जीव निघालता, पंखा गरम वारा टाकीत हुता, आणि हा फुल बाह्यांचा शर्ट घालून. मनगटाची बटणं लावलेली.

"उकडत न्हाय व्हय, डॉक्टर?"

त्यानं बीपीचं यंत्र पुढं ओढलं.

बीपीची पट्टी बांधायला त्यानं हात पुढं केला. बटण सुटलं. बाही वर सरकली...

निळा गोल. शेजारी ९-१२.

मी बोट लावून बगितलं, पोरांनो. शाई ओली हुती.