रिकामे खण

बाबांना दाखल केलं होतं ते तिच्याच हॉस्पिटलात. खाली संगणक विभागात तिची नोकरी, वर वॉर्डात बाबा. जिने चढून-उतरून तिच्या पायांचे तुकडे पडले होते आणि जीव दोन्हीकडे टांगलेला. रडायचं म्हटलं तरी फुरसत नव्हती.

त्यात ही चूक. नव्या यंत्रणेत नावाच्या रकान्याला तिने तीस खण ठरवून दिले आणि चाचणी घेतली इंग्रजी नावांवर. इंग्रजी अक्षर एका खणात मावतं. मराठीत अक्षरालाच काय, नुसत्या कान्यालाही तीन खण लागतात. आज यंत्रणा सुरू झाली आणि पेशंटांची नावं मधूनच छाटली गेली. आडनावांचा तर पत्ताच नाही.

दुपारी वॉर्डातल्या सिस्टरचा फोन आला.

"ताई, ज्यांची नावं तुटलीत ना... त्यांचे पाय गार पडलेत. गुडघ्यापर्यंत."

"काहीतरीच काय सिस्टर! एसी बंद करा."

म्हणाली खरी, पण धावत वर गेली. बाबांचे पाय थंडगार होते.

"मला पाय आहेत ना गं?" बाबांनी विचारलं. त्यांचे पाय पांघरुणात गुंडाळून ती जिन्याकडे पळाली.

खाली येऊन तिने रकाना वाढवला. पुन्हा कटकट नको म्हणून चांगला तीनशे खणांचा केला. छाटलेलं आपोआप परत येत नाही. एकेक नाव केसपेपरवरून पुन्हा टाइप केलं, बाबांचं सगळ्यात आधी. शेवटी सिस्टरचा फोन आला, "ताई, पाय गरम झाले हो सगळ्यांचे!"

तिने खुर्चीत अंग टाकलं. उरलेल्या खणांत यंत्रणा कोरी जागा भरून ठेवते, हे तिला ठाऊक होतं. सहज तिने बाबांची ओळ तपासली. नावापुढचा एकही खण कोरा नव्हता; प्रत्येकात काहीतरी भरलेलं होतं. पडद्यावर मात्र नावापुढे काहीच दिसत नव्हतं.

ती वर गेली. बाबा खाटेच्या अगदी कडेला, पडायच्या बेतात निजले होते.

"बाबा, मधे सरका ना."

"कुठे सरकू?" ते थकून म्हणाले. "तूच सांग त्याला... माझं ऐकतच नाही."

तिने मान वर केली. वॉर्डातला प्रत्येक पेशंट आपापल्या खाटेच्या कडेला सरकून पडला होता. आणि बाबांच्या उशीवर, त्यांच्या डोक्याशेजारी, एक खळगा हळूहळू खोल होत चालला होता.