पाच नंबरच्या खाटेचा पट्टा

“चपला बाहेर! हा बाळंतिणींचा वॉर्ड आहे, बाजार नाही!”

खोकं छातीशी धरून आलेला तो तरुण जागच्या जागी थबकला, उलट्या पावली मागं सरकला आणि मागून येणाऱ्या ट्रॉलीवर आपटला. सिस्टरला हसू आलं… तिनं ते दाबलं.

खोक्यात पट्टे होते. आईच्या मनगटावर पट्टा, बाळाच्या छातीवर मऊ चकती. नाडी, श्वास, अंगाची ऊब – सगळं टेबलावरच्या स्क्रीनवर दिसणार.

“म्हणजे आम्ही नुसतं बसायचं?”

“म्हणजे कधीतरी चहा गरम असताना प्यायचा.”

चाळीस बाळंतिणींना दोन नर्स देणाऱ्या साहेबलोकांना पट्टे घ्यायचं बरं सुचतं, असं ती तोंडावर बोलली. तो म्हणाला, “खरंय.” भांडायलासुद्धा तयार नाही मेला!

मग तो रोज दुपारी बॅटऱ्या तपासायला येऊ लागला. बॅटरी चार दिवस टिकते, हे अख्ख्या वॉर्डाला ठाऊक होतं.

“आज पण?”

“एक जरा… मंद वाटतेय.”

“बॅटरी की तुम्ही?”

बाळंतिणी पांघरुणात तोंड घालून हसायच्या.

एका सोमवारी मात्र हसू पळालं. स्क्रीनवर पाच नंबरची नाडी चौऱ्याहत्तर, एकदम झकास. पण खाटेजवळून जाताना सिस्टरला त्या पोरीचे ओठ पांढरेफटक दिसले. तिनं मनगट धरलं – पट्टाच नाही! नाडी बोटांखाली सैरावैरा पळत होती, चादर रक्तानं भिजली होती. पट्टा होता स्टुलावर निवांत बसलेल्या तिच्या नवऱ्याच्या मनगटावर.

“तिला हात-तोंड धुवायचं होतं… तुम्हीच म्हणालात ना, पट्टा बंद पडू द्यायचा नाही? म्हणून मी घातला.”

डॉक्टर धावले, रक्त चढलं, पोरगी वाचली. आणि संध्याकाळी सिस्टरच्या हातात नोटीस पडली : निष्काळजीपणाबद्दल नोकरीवरून का काढू नये? उद्या दुपारी निर्णय. खुर्चीतल्यांना कापायला नेमकी नर्सचीच मान सापडते.

पट्टे आणणाऱ्या त्या तरुणानं नोटीस दोनदा वाचली.

“मी लिहून देतो. पट्टा कुणाच्या मनगटावर आहे हे त्याला कळत नाही – चूक आमची. बाई वाचली ती तुमच्या बोटांमुळं.”

“तुमची नोकरी जाईल.”

“बघू. पण… उद्या सुटल्यावर फाटकापाशी भेटाल?”

“दोनला सुटते. उशीर केलात तर थांबणार नाही.”

दुसऱ्या दिवशी दोन वाजले. सव्वादोन. पावणेतीन. नोटिशीचं काय झालं, कुणी सांगेना. आणि हा बाबा गायब! सिस्टरनं मनातल्या मनात त्याला यथेच्छ शिव्या घातल्या… पण जागची हलली नाही.

शेवटी तो धापा टाकत आला. हातात कागद.

“साहेबांच्या दारात अडीच तास ठाण मांडून होतो. सहीशिवाय उठलोच नाही. नोटीस रद्द! पट्टे परत जातायत. आता हातातून काढला की बोंब ठोकणारे येतील.”

“आणि तुमची नोकरी?”

“शिल्लक आहे. बोलणी पोटभर खाल्ली.” तो जरा घुटमळला. “पण तुम्ही तर… थांबणार नव्हतात?”

तिनं कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली.

“नव्हतेच.”

“मग?”

“मग काय… आवडता तुम्ही मला. आता असे बघत काय उभे राहिलात? चला, सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही माझ्या.”