सैल जोड

प्रयोगशाळेतल्या मेजावर पाटी पालथी पडली होती आणि काही केल्या उघडत नव्हती. इरावतीने कडेला गरम हवा दिली, फटीत प्लॅस्टिकची चपटी काडी सरकवली, तर काडीच मोडली. ज्याने ही टॅबलेटची पाटी अशी चिकटवून बंद केली, त्याच्या घरची सगळी दारे अशीच चिकटावीत, असे तिच्या मनात आले.

पाटी तिच्या वडिलांची. अप्पा कारखानीस म्हणजे सांगलीकडचे नावाजलेले कबड्डी समालोचक. घशाच्या शस्त्रक्रियेत आवाज गेला. त्याआधी तो या पाटीत साठवून घेतला होता. अप्पा बोटाने लिहीत आणि पाटी त्यांच्याच आवाजात बोले. पण आतला बॅटरीचा जोड सैल झाला आणि ती ऐन वाक्यात बंद पडू लागली. मग अप्पा कोपऱ्यावर तळहाताचा एक फटका देत, पूर्वी टीव्हीला द्यायचे तसा, की ती पुन्हा सुरू. दोन वर्षे घरात हेच चालले होते. आता रविवारी जिल्ह्याचा अंतिम सामना होता आणि समालोचनाला अप्पांना बोलावले होते. भर चढाईत पाटी गप्प झाली तर सारे मैदान हसेल, या विचाराने इरावतीचा जीव कासावीस झाला होता.

अप्पा समोरच्या खुर्चीतून हाताने खुणावत होते: आण इकडे, देतो एक.

"मारून मारूनच ही वेळ आलीये, अप्पा," ती वैतागून म्हणाली आणि शेजारी उभ्या सायमन साळवीकडे वळली. पाटीतला आवाज राखणारे कुलूप त्यानेच रचले होते. "आवाज सरळ नव्या पाटीत का घालता येत नाही?"

"चोरीला जाऊ नये म्हणून. प्रत्येक पाटीत वीज किंचित वेगळी वाहते. तो फरक म्हणजे तिची घडणखूण, आणि तीच कुलपाची किल्ली. दुसऱ्या पाटीची खूण जुळणारच नाही."

"पण पाटी जुनी झाली की वीज वाहण्याची तऱ्हा बदलते."

"म्हणून तर कुलूप दर वेळी सुरू होताना थोडं थोडं शिकत राहतं. पाटी म्हातारी होते तशी किल्लीही. फक्त तीनदा ओळख पटली नाही, तर ते आवाज पुसून टाकतं."

"मग मी हा जोड घट्ट केला तर?"

"अगं, एका जोडानं काय होतंय. कर तू."

अखेर पाटी उघडली. जोडावरची पत्र्याची पट्टी नीट दबत नव्हती, एवढाच बिघाड. इरावतीने मध्ये चिकटपट्टीची घडी घातली, स्क्रू आवळले. पाटी तत्काळ सुरू झाली आणि पडद्यावर अक्षरे उमटली: ओळख पटली नाही.

"होतं असं," म्हणत सायमनने ती बंद करून पुन्हा लावली. पुन्हा तेच. आता त्याचाही चेहरा उतरला.

"कुलपाला वाटतंय, पाटी बदलली," तो हळूच म्हणाला. "दोन वर्षं ते सैल जोडाचीच वीज शिकत आलंय. इतकी सुरळीत चालणारी पाटी अप्पांची असूच शकत नाही."

"आणि हे तुला आत्ता सुचतंय?" हातातला स्क्रू-ड्रायव्हर त्याच्यावर भिरकावावा, असे तिला वाटले. तिने घडी काढून टाकली. जोड पूर्ववत सैल झाला, पाटी विझली.

"सुरू होताना वीज कशी उसळायची, कधी मोजलंस?" सायमनने विचारले.

मोजायचे कशाला? ती उसळायची अप्पांच्या फटक्याने. ज्या हातावर ती दोन वर्षे करवादत आली, त्याच्यापुढेच तिने पाटी ठेवली.

"एकच संधी उरलीय, अप्पा. नेहमीसारखा मारा."

अप्पांनी हात उचलला आणि तो तसाच अधांतरी थांबला. आजवर त्यांनी कधी विचार करून फटका मारला नव्हता. असा जपून मारलेला चुकीचाच बसेल, हे इरावतीला कळले.

"जाऊ दे," ती उठत म्हणाली. "रविवारी दुसऱ्या कुणाला तरी बोलवा म्हणून कळवते."

अप्पांचे डोळे तांबारले आणि तळहात कोपऱ्यावर सणसणीत बसला.

पडदा उजळला. कुलूप उघडले. रागाने अप्पांचे बोट भराभर फिरले आणि प्रयोगशाळेत तोच खणखणीत आवाज घुमला: "दुसरा कोण बोलतोय तेच बघतो! आणि काय गं, सकाळपासून दोघं खपताय, झाली का एकदाची दुरु..."

पाटी विझली. अप्पांनी सवयीने हात उचलला.

"झाली, अप्पा," इरावती म्हणाली.